चित्राचं नाव

चित्रकलेच्या कॉलेजला प्रवेशासाठी पाठवायच्या चित्रांत एक तरी माणूस हवा, आणि तोही बघणाऱ्याला चटका लावणारा, असं ड्रॉइंगच्या सरांनी कानिफनाथला बजावलं होतं. मग त्यानं आईलाच फाटकं लुगडं नेसायला लावलं, दारात बसवलं आणि हात पुढं करायला सांगितला.

“हात कशापायी पसरायचा रं?” रतनबाई बिचकली. “एवढ्या दुष्काळात खडी फोडली म्या, पर कुनाम्होरं हात न्हाई पसरला.”

“चित्रापुरता गं, आई.”

दुपारभर ती जागची हलली नाही. चित्र असं उतरलं की कानिफ स्वतःवरच खूश झाला. खाली त्यानं ठळक अक्षरांत चित्राचं नाव लिहिलं : ‘भिकारीण’.

“खाली काय लिवलंस?” आईनं विचारलं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं.

“तुझं नाव,” तो तिच्याकडं न बघताच म्हणाला.

चार दिवस चित्र भिंतीवर टांगलेलं होतं. पाचव्या दिवशी बेलापूरच्या पोस्टात सगळी चित्रं देऊन तो परतला, तर रतनबाई गेरूनं माखलेले हात घेऊन लहान पोरीसारखी हसत दारात उभी.

“तुज्या चित्रात बघून बघून चुलीफुडं राखंत गिरवलं रं. आता समद्या गावाला कळंल, ह्ये घर कुनाचं हाय त्ये.”

दाराशेजारच्या सारवलेल्या भिंतीवर तिनं जन्मात पहिल्यांदा अक्षरं काढली होती. त्यातलं एकही चुकलं नव्हतं.