डावा डोळा

"आता उजवा डोळा झाका," डॉक्टर गिरीश मोघे इंग्रजीत म्हणाले आणि वैभवीनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं.

एलिसेओनं उजव्या डोळ्यावर तळहात दाबला. मेक्सिकोहून आलेला हा बॉक्सर छत्तीस वर्षांचा, वजन जेमतेम एक्कावन्न किलो. साठ लढती झालेल्या, एकसष्टावी उद्या इथे मँचेस्टरमध्ये. दुपारी एक वाजता सगळ्यांसमोर त्याचं वजन व्हायचं होतं, म्हणून कालपासून त्यानं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ तडकले होते. हॉटेलवाल्यांनी तपासणीसाठी दिलेल्या मीटिंग रूममध्ये टेबलावर बिस्किटं आणि पाण्याचा भरलेला जग होता. त्या जगाकडे बघायचं तो मघापासून टाळत होता.

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, चष्म्याच्या दुकानात असतो तसा. उजव्या डोळ्यानं त्यानं तो थांबत थांबत, डोळा बारीक करत वाचला होता. डाव्यानं मात्र धडाधड वाचून टाकला. "ए. एफे, पे. ते, ओ, सेता..." कुठे अडखळणं म्हणून नाही.

वैभवीला उगाच बरं वाटलं. ती मूळची पुण्याची, इथे एका इन्शुरन्स कंपनीत नोकरीला. पुण्यात हौसेनं शिकलेलं स्पॅनिश गंजू नये म्हणून अधूनमधून रजा टाकून दुभाष्याची कामं घ्यायची. खोलीत बोललेला शब्द न शब्द दोन्हीकडे पोचवायचा, पदरचं काही घालायचं नाही, ही एजन्सीची ताकीद ती इमानेइतबारे पाळत असे. सकाळी डॉक्टरांनी मँचेस्टरच्या हवेला नावं ठेवली, तर तीसुद्धा तिनं एलिसेओला स्पॅनिशमध्ये ऐकवली होती.

डॉक्टर मात्र खूश दिसेनात. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्याशी मराठीत बोलले.

"वैभवी, सहज बोलतोय असं दाखव. तो चार्ट उलटा करून लाव. मागची बाजू कोरी आहे."

"त्याला काय सांगू?"

"काही नाही."

"अहो डॉक्टर, मला सगळं सांगावं लागतं. रूल आहे आमचा."

"टॉर्च मारला तेव्हा त्या डोळ्यात मला काहीतरी दिसलंय. डावीकडून येणारा पंच त्याला दिसतच नसेल तर उद्या काय होईल? आय हॅव टू बी शुअर. प्लीज."

वैभवी उठली. एलिसेओचा हात अजून उजव्या डोळ्यावर तसाच होता. तिनं तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि परत अडकवला. वळून पाहिलं तर तो तिच्या दिशेनं बघून हसत होता. शाबासकीची वाट बघणारी मुलं हसतात तसा. तिला स्वतःची लाज वाटली.

"पुन्हा एकदा वाचायला सांग."

तिनं सांगितलं.

त्या कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे बघत एलिसेओनं सुरुवात केली. "ए. एफे, पे. ते, ओ, सेता. एले, पे, ए, दे..." ओळीमागून ओळ, मघासारखीच, त्याच वेगानं. कुणीतरी ह्याला मध्येच थांबवावं, असं वैभवीला फार वाटलं. डॉक्टर खाली मान घालून ऐकत राहिले. तो अगदी शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

त्यानं हात खाली घ्यायच्या आत तिनं तक्ता पुन्हा सुलटा केला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर इंग्रजीत, हळू आवाजात बोलले. दुभाष्यानं 'डॉक्टर म्हणतात' असं म्हणायचं नसतं. बोलणाऱ्याचा 'मी' तोच त्याचा 'मी'. म्हणून वैभवीच एलिसेओला म्हणाली, "मी तुम्हाला रिंगमध्ये जाऊ देऊ शकत नाही. उद्या नाही आणि यापुढे कधीच नाही. मला तसा रिपोर्ट द्यावा लागेल. मला वाईट वाटतंय."

त्यानं डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. वीस वर्षं ठोसे खाल्लेला माणूस, पण हा ठोसा कुठून आला ते त्याला कळलेलं दिसत नव्हतं. त्यानं वाद घातला नाही की आवाज चढवला नाही. तसं काही केलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी ग्लासात पाणी ओतलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. "आता प्यायला हरकत नाही म्हणावं."

तिनं तेही सांगितलं.

एलिसेओ ते पाणी सावकाश प्यायला, एकेक घोट तोंडात धरून. ग्लास रिकामा झाला तरी हातातच राहिला. मग तो बोलला, तेही तिच्याशीच.

"माझ्या मुलीनं पाठ करून घेतलं होतं. अकरा वर्षांची आहे. महिनाभर रोज संध्याकाळी, जेवणाआधी. म्हणाली, पपा, कुठेही जा, तक्ता हाच असतो." त्यानं ग्लासाच्या तळाशी पाहिलं. "ती पहिलं तेच विचारेल. कुठलं अक्षर चुकलं?"

वैभवीनं भिंतीवरच्या तक्त्याकडे एकदा पाहिलं.

"एकही नाही," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "तिला सांगा, एकही चुकलं नाही."

"काय म्हणतोय?" डॉक्टरांनी मराठीत विचारलं.

"काही नाही," वैभवी म्हणाली. "आणखी पाणी मागतोय."