कमलम्माची गाडी

कमलम्मा गेल्याचं शिवशंकरप्पाला गाडीवरूनच कळलं. निर्णा गावात त्याच्या घराआधी गल्लीला आंधळं वळण आहे. बायको गाडी घेऊन परतली की त्या वळणावर दोनदा हॉर्न द्यायची आणि तो उठून फाटक उघडायचा. त्या दिवशी छातीत जळजळतंय म्हणून ती सकाळीच एकटी बिदरला गेली होती. तो तुरीच्या राशीवर होता. संध्याकाळी गाडी आली ती हॉर्न न देता. बंद फाटकासमोर येऊन नुसती उभी राहिली. आत कमलम्माच्या बहिणीचा मुलगा राजशेखर होता. त्याने काच खाली केली नाही. फाटक उघडतानाच शिवशंकरप्पाला कळलं होतं. मागची दवाखान्याची गाडी त्याने नंतर पाहिली.

त्याला चार महिने झाले. आता उन्हाळा होता आणि कडगंचीकडच्या आश्रमातून बसवेश गाडी न्यायला आला होता. आश्रमात कुणी नसलेली म्हातारी माणसं राहतात. त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती. “माझ्यामागं हिच्यात कोंबड्या बसवू नका, आश्रमाला द्या,” असं कमलम्मा हसत म्हणायची. शिवशंकरप्पाला गाडी चालवता येत नव्हती. चाकामागे कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली होती.

शेजारचा काशप्पा कट्ट्यावर बसून बघत होता.

“द्यायलास तर दे एकदाची,” तो म्हणाला. “तुला सायकल धड येत न्हाई. हिच्याकडं बघून बघून नुसता वाळायलास.”

“वाळायला मी काय पापड हाय का?”

“पापड दोन दिसांत वाळतंय.”

बसवेशने सोबत आणलेली बॅटरी बसवली, हात पुसले आणि कागद मागितले. शिवशंकरप्पाने आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली. आरसी, विमा, सर्व्हिसिंगच्या पावत्या, सगळं कमलम्माने लावून ठेवलं होतं तसंच होतं.

“अप्पा, गाडी अक्कांच्या नावावर हाय,” बसवेश म्हणाला.

“तिचीच हाय.”

“मग मयताचा दाखला लागतोय. त्याच्याबिगर नाव बदलत न्हाई. अन् नाव बदलल्याबिगर आमचे स्वामी गाडीत पेशंट बसवू देत न्हाईत. रस्त्यात काय झालं तर कोण बघणार?”

“दाखला तयार हाय.”

“मग द्या की.”

“बिदरला हाय, कचेरीत. जाऊन घ्यायचा फकस्त.”

“दोनदा स्टँडवर जाऊन परत आलाय ह्यो,” काशप्पा म्हणाला.

“एकदा बस आली न्हाई,” शिवशंकरप्पा म्हणाला.

“अन् दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा आली.”

बसवेशने कागद पिशवीत घातले.

“चालती का ते तरी बघतो,” म्हणून तो गाडीत बसला. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. खालची कोंबडी ओरडत पळाली. गाडी गल्लीतून बाहेर पडली तसं शिवशंकरप्पाने सवयीने फाटक लावलं, कडी घातली आणि येऊन काशप्पाजवळ बसला. काशप्पा मुद्दाम दुसरं काढून बोलू लागला. यंदा तुरीला भाव न्हाई, बोअरचं पाणी खाली गेलंय, असलं काहीबाही.

वळणावर दोनदा हॉर्न वाजला.

काशप्पाचं बोलणं अर्धवट सोडून शिवशंकरप्पा उठला. पायात चप्पल न घालता तापलेल्या फरशीवरून तो भराभर गेला, कडी काढली, दोन्ही फळ्या मागे लोटल्या आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आरसा घासू नये म्हणून तो नेहमी तसाच उभा राहायचा.

गाडी आत आली. बसवेश उतरला.

“गाडी झकास हाय अप्पा. अक्कांनी जपलीय.”

शिवशंकरप्पा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “व्हय.”

बसवेशने किल्ली त्याच्या हातात ठेवली. “बॅटरी राहू द्या गाडीतच. दाखला आणला की फोन करा, त्याच दिवशी येतो. आमच्याकडं चन्नव्वा म्हणून म्हातारी हाय. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला कलबुर्गीला न्यावं लागतंय. सध्या टेम्पोत मागं निजवून न्यायलोय. लई हादरे बसत्यात तिला.”

“मग उद्याच जातो.”

“नक्की?”

“जातो म्हणलो की.”

बसवेश स्टँडकडे चालत गेला. काशप्पाने चप्पल उचलून आणली आणि शिवशंकरप्पाच्या पायाशी ठेवली. “घाल. पाय पोळतेत,” एवढंच म्हणाला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बिदरची साडेआठची बस वेळेवर आली आणि वेळेवर गेली. दाखला अजून कचेरीतच आहे.