दारातला पूल

"आडवं करायचं नाही, आणि वाकवायचं तर मुळीच नाही," दारातल्या पुलाखालून बाहेर येत डॉक्टर म्हणाले. "फुप्फुसात पाणी झालंय. पोटात वाकले की श्वास गेलाच म्हणून समजा. खुर्चीसकट सरळ उचलून न्यायचं. मी पुढं होऊन स्टेशनमास्तरांना दौंडची गाडी थोपवायला सांगतो, आणि हमाल पाठवतो. तेवढा तो पूल मोडून ठेवा."

एवढं बोलून डॉक्टर कंबर धरून गेले. दत्तोपंतांना भेटून येणारा प्रत्येक जण कंबर धरूनच जाई.

दत्तोपंत रेल्वेत पुलांचे इन्स्पेक्टर होते. अठ्ठेचाळीस साली निवृत्त होऊन बारामतीला आले, ते विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची किल्लीची आगगाडी घेऊन. खोलीच्या चारी भिंतींना कमरेइतक्या उंचीवर फळ्या ठोकल्या, फळ्यांवर रूळ टाकले, बोटभर उंचीची स्टेशनं मांडली. गाडीनं वळसा पुरा करायचा तर खोलीचं एकुलतं एक दार आडवं आलं. तिथं रामहरी सुताराकडून त्यांनी सागवानी पूल करून घेतला. एका गाळ्याचा, दोन्ही अंगांना पत्र्याच्या तिरप्या पट्ट्या, कडेला पांढऱ्या रंगात आकडा. पूल अगदी खऱ्यासारखा होता. फक्त त्याच्या खालून नदीऐवजी माणसं वाहत.

"जरा वाकलं तर काय बिघडतं?" दत्तोपंत आतून म्हणत.

त्यांच्या पत्नी यशोदाबाई सात वर्षं वाकल्या. दोन वेळचा चहा, दोन वेळचं ताट, रात्रीचं दूध. जाताना भरलेलं, येताना रिकामं. दत्तोपंत स्वतः मात्र वाकलेले कुणी पाहिले नव्हते. "तू हो पुढं, मी आलोच," म्हणायचे, आणि खरंच मागोमाग ताठ उभे असायचे. या वयात काय चपळाई, म्हणून यशोदाबाईंना उगीच कौतुक वाटे.

यशोदाबाईंचे वडील अण्णा एकदा इंदापुराहून आले होते, आई अंथरुणाला खिळली तेव्हा. लेकीला चार दिवस न्यायची तर जावयाची परवानगी हवी. पंच्याहत्तरीचे अण्णा पुलाखाली शिरले, निम्मे आत आणि निम्मे बाहेर, तेवढ्यात दत्तोपंतांनी तांबडी झेंडी दाखवली. "थांबा अण्णा. गाडी येतेय." गाडी अण्णांच्या मानेवरून तीन वेळा गेली. परवानगी मिळाली, पण अण्णांची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. पुढच्या वर्षी ते गेले. तिरडी बांधणाऱ्यांना फार त्रास पडला.

हे सगळं आठवायला आता वेळ नव्हता. आत खुर्चीत दत्तोपंत तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते. त्यांनी बोट पुलाकडे केलं. मोडू नका म्हणतायत, असं यशोदाबाईंना वाटलं.

"अहो, पूल पुन्हा होईल," त्या रडत म्हणाल्या. "माणूस कुठून आणू?"

निरोप मिळताच रामहरी करवत घेऊन आला. पूल मोडायचाय हे ऐकून त्यानं करवत खाली ठेवली.

"आवं वैनीसायेब, तोडायचा कशापायी? ह्यो उघडतोय की!" त्यानं चौकटीला हात घातला, पांढऱ्या आकड्यामागची बोटाएवढी खीळ ओढली आणि पूल एका हातानं वर केला. बिजागरीवर तो दाराच्या फळीसारखा उभा राहिला. कुरकुरलासुद्धा नाही. तेलपाणी नियमित होत असावं.

"हे कधी केलंस?"

"पयल्याच दिशी. सायबांनी मुद्दाम करून घेतली बिजागरी. म्हनले, घरात बोलायचं न्हाय. मला वाटलं, एवढ्या वर्सांत तुमास्नी घावलंच आसंल."

यशोदाबाईंनी आत पाहिलं. दत्तोपंत त्यांच्याकडेच पाहत होते. सात वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या मध्ये काही नव्हतं.

"रामहरी, तू कोपऱ्यावर जाऊन टांगा बघ," त्या म्हणाल्या. त्यांचं रडू थांबलं होतं. "इथलं मी बघते."

रामहरी गेला. यशोदाबाईंनी पूल अलगद खाली घेतला, रुळाला रूळ जुळवला आणि खीळ सारली. खिळीचं डोकं वर राहिलं होतं. खलबत्त्यातला बत्ता आणून त्यांनी त्यावर दोन ठोके घातले. खीळ चौकटीच्या आत गेली.

चार हमाल आले. त्यांचा म्होरक्या कुंडलिक दारातच थबकला.

"बाई, ह्यो पूल निघतो का? खुर्ची कशी काढायची?"

दत्तोपंतांचं बोट पुन्हा वर झालं. ते खिळीकडे दाखवत होतं, आणि त्यांच्या घशातून नुसती शीळ येत होती.

"सायेब काय म्हनत्यात?"

"पुलाला हात लावू नका म्हणतायत," यशोदाबाई म्हणाल्या. "खुर्ची राहू दे. ह्यांना नुसतेच घ्या पुलाखालून. जरा वाकलं तर काय बिघडतं?"