उजव्या हाताने

गेममधल्या माझ्या अंतराळवीराचा ऑक्सिजन संपत आला होता आणि टीव्हीसमोर मी घामाघूम होऊन नाचत होतो. दोन्ही हातांतले कंट्रोलर हलवीन तसे पडद्यावरचे माझे हात हलत. उजव्या हातात बंदूक होती.

गुहेच्या तोंडाशी तो परग्रहवासी पुन्हा आला. एक हात पाठीमागे ठेवून त्याने दुसऱ्या हाताने ऑक्सिजनचा निळा गोळा पुढे केला. सकाळपासून हेच चाललं होतं. मी डावा हात लांबवला, की त्याच्या पाठीमागून काहीतरी चमकायचं आणि मी मरायचो.

"डाव्या हाताने काय घेतोस रे?" सोफ्यावरून आत्या खेकसली.

"उजव्या हातात बंदूक आहे, आत्या! मध्ये बोलू नकोस ना!"

"मग ठेव ती खाली! तो देतोय ना काहीतरी? घेण्याची काही रीत असते की नाही?"

वैतागून मी वाकलो, बंदूक जमिनीवर ठेवली, उजवा हात पुढे केला आणि मरायच्या तयारीने डोळे मिटले.

उघडले तेव्हा गोळा माझ्या तळहातावर होता. परग्रहवासी खाली वाकला होता. पाठीमागचा हात पुढे आणून तो आपली बंदूक माझ्या बंदुकीशेजारी ठेवत होता.