पडद्यावरचा खून

पडद्यावर टोळीचा म्हातारा मालक मेलेल्या बायकोच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायला बसला आणि त्याच्या सर्वांत विश्वासू माणसाने त्याच्या पाठीत गोळ्या घातल्या. सिनेमांच्या मालिकेचा पाचवा, शेवटचा भाग तिथेच संपला.

थिएटरातले दिवे लागले. कुणी टाळी वाजवली नाही. नावं बदललेली होती, तरी जपानमधल्या कुरे बंदरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की तो म्हातारा म्हणजे पहिल्या रांगेतले आकुत्सु मालक, आणि गोळ्या घालणारा म्हणजे त्यांच्या शेजारी बसलेला मुरोई.

मालकांनी चष्मा पुसला. "झकास काम केलंय नटाने. तुझ्यासारखाच चालतो, नाही रे?"

"मालक, हे काहीच्या काही दाखवलंय..."

"अरे, सिनेमाच तो! एवढा घाम कशाला फुटतोय?" हसत हसत ते उठले आणि टोळीतल्या पोरांच्या गराड्यात बाहेर पडले. पोरांपैकी एकानेही मुरोईसाठी वाट सोडली नाही.

मुरोईचं डोकं भणभणलं. मालकांसाठी त्याने तुरुंग भोगला होता, टोळीच्या नियमाप्रमाणे प्रायश्चित्त म्हणून स्वतःची करंगळी तोडून दिली होती. उदबत्तीच्या वेळी मालक दाराकडे पाठ करून बसतात, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. तेव्हा त्या खोलीत दुसऱ्या कुणाला शिरायची मुभाच नव्हती. मग हे बाहेर फुटलं कसं? कोण उठलंय आपल्या मुळावर?

थिएटरच्या लॉबीत पोस्टरखाली सिनेमाचा लेखक हागिवारा सिगारेट ओढत उभा होता. मुरोईने कॉलर धरून त्याला खांबाआड ओढलं.

"बोल. हा खून माझ्या माथी मारायला कुणी सांगितलं?"

"सोडा हो! मी वेगळाच शेवट लिहिला होता. म्हातारा आजारपणात जातो, तुम्ही उशाशी बसलेले असता."

"मग?"

लेखकाने काचेच्या दारापलीकडे, मोटारीत बसणाऱ्या मालकांकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "त्यांनीच बदलायला लावला. उदबत्तीचंही त्यांनीच सांगितलं. म्हणाले, मुरोई उलटणार हे पोरांना आधीपासून माहीत असलेलं बरं."

बाहेर मोटार सुरू झाली होती. मागच्या सीटवरून मालकांनी हाक मारली, "मुरोई, चल रे! आज माझ्याशेजारी नको, पुढे बस, ड्रायव्हरशेजारी."

मुरोईने कॉलर सोडली. पायऱ्या उतरून तो मोटारीपाशी गेला आणि रिवाजाप्रमाणे कमरेत वाकला. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, वाकताना त्याने मालकांच्या हातांवरची नजर हलवली नाही.