डाव्या खणातलं पत्र

नदीपलीकडच्या बलाढ्य देशात नेता बदलला, ही बातमी रेडिओवर लागली तेव्हा परराष्ट्र कचेरीतले म्हातारे लेखनिक खिडकीतून धुकं बघत बसले होते. त्या धुक्यापलीकडे त्यांची लेक होती. लग्न होऊन गेली आणि तिकडच्या सरकारी कचेरीत टपाल फोडायच्या आणि पाठवायच्या कामाला लागली. दोन वर्षांपूर्वी तिथल्या जुन्या नेत्याची खप्पामर्जी झाली आणि होड्या बंद झाल्या. आता धुक्यातून जाई-येई ती फक्त सरकारी टपालाची होडी. लेकीच्या आठवणीने लेखनिकांचा जीव तुटायचा.

"पत्र द्या लवकर!" सचिव धापा टाकत आले. "डोंगराकडच्या देशाने म्हणे अख्खं बँडपथक धाडलंय. आपलं अभिनंदन पहिलं पोचलं, तरच होड्या सुरू करा म्हणायला तोंड राहील."

पत्र तयारच होतं. निकालाआधी दोन लिहून ठेवायची इथली रीत. जुना टिकला तर डाव्या खणातलं, नवा आला तर उजव्यातलं. दोन्ही पत्रं लेखनिकांच्याच वळणदार अक्षरातली. असं अक्षर त्यांनी फक्त लेकीला दिलं होतं, पाटीवर गिरवून घेऊन.

पाण्यावर काहीतरी पांढरं तरंगत होतं. पक्षी असावा, किंवा नुसतंच धुकं. तिकडे बघतच त्यांनी खण ओढला आणि पाकीट दिलं. होडी निघाली.

दुपारी त्यांनी उजवा खण उघडला. नव्या नेत्याचं पत्र तिथेच होतं.

पडलेल्या नेत्याला विजयाच्या शुभेच्छा गेल्या होत्या! आता कसल्या होड्या आणि कसली लेक.

"डोळे दाखवा म्हणून वर्षभर घसा कोरडा करतेय मी," घरी बायको म्हणाली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

आठवडाभर त्यांना घास गेला नाही. सचिवांना सांगायचं रोज ठरवत, रोज त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतत.

आठव्या दिवशी सचिवच उत्तर नाचवत आले. "आपलंच पत्र पहिलं! नवे साहेब भलतेच खूश. सोमवारपासून होड्या सुरू!"

रिकामं पाकीट दफ्तरी लावायला लेखनिकांकडे देऊन ते पळाले.

पाकीट रिकामं नव्हतं. तळाशी लेखनिकांचंच चुकलेलं पत्र होतं, चार घड्या घातलेलं. मागच्या कोऱ्या बाजूला हुबेहूब त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, "बाबा, हे कुणी बघायच्या आत दुसरं लिहून पुढे ठेवलं. सोमवारी आले की आधी तुमचा चष्मा बदलू."