पान नऊ, कोपरा दुमडलेला

पान एक.

"एक होतं अस्वल," बापाने वाचलं. "कसं होतं?"

मुलीने चित्र पाहून गाल फुगवले. बाप खूश.

बालकल्याण कार्यालयातल्या खोलीत तीनच खुर्च्या. तिसरीत वहीवाल्या ताई. त्यांना बापाची भाषा येत नव्हती आणि दुभाषा मिळाला नव्हता, म्हणून त्या मुलीचा चेहरा बघून टिपायच्या.

आई आधीच गेलेली. फरशीकाम करणारा बाप परांचीवरून पडला नि तीन वर्षं अंथरुणाला खिळला. तेव्हापासून मुलगी परक्या घरात, परक्या भाषेत वाढत होती. आता सहाची झाली. ठरलं होतं असं : बारा शनिवार त्याने आपल्या भाषेत वाचायचं. तिला ती अजून समजते असं दिसलं, तरच ती घरी येणार.

आज बारावा.

पान चार.

"भूक लागली का गं अस्वलाला?"

"हो."

"की पोट भरलंय?"

"हो."

"लबाड! दोन्ही कसं?" तो हसला. तीही हसली.

"लिहिलंत ना, ताई?" तो ताईंच्या भाषेत अडखळत म्हणाला. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तो ती शिकत होता. "सगळं कळतं तिला."

"लिहितेय हो. जरा दम धरा."

चित्रं राहिली बाजूला, पोरगी त्याच्या तोंडाकडेच टक लावून बसलेली. ऐकावं तर असं, त्याला वाटलं.

पान नऊ. कोपरा दुमडलेला.

इथे पिल्लू हरवतं. गेल्या शनिवारी नेमकी इथेच ती खुदकन हसली होती. "आईवर गेलीस अगदी. तीही भलत्या वेळी हसायची," म्हणत त्याने डोळे पुसले होते.

आज त्याचा आवाज दाटला, तसा तिने त्याच्या बोटांवर हात ठेवला. एकदम गप्प.

ताईंनी वही मिटली. "झालं. मी होकार लिहिते."

जिना.

सह्या झाल्या की सोमवारी तिला न्यायचं ठरलं, म्हणून मुलगी ताईंपाशीच थांबली. तीन पायऱ्या उतरल्यावर त्याला आठवलं, पुस्तक आतच राहिलं. लंगडत तो परतला. दार अर्धवट उघडं होतं. आत मुलगी ताईंना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत होती. आता तेवढी भाषा त्याला येत होती.

"आज मी बरोबर ठिकाणी हसले ना, ताई? बाबांचं मला काहीच कळत नाही. मागच्या वेळी चुकले, तर किती रडले ते."